डोक्यावरचा मुका मार

दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी गेले, तेव्हा दोन दिवस बाबांनी डोक्याचा पटका काढलाच नाही. एरवी मळ्यातून आले की पटका खुंटीला आणि ओलं फडकं टकलावर, ही त्यांची जन्माची सवय. त्या वर्षी मात्र जेवताना पटका, दुपारी पडल्यावर पटका. मी काही विचारायच्या आतच वहिनी म्हणायची, "थंडी वाजते त्याईले." कार्तिकाचं ऊन अंगणात तापत होतं आणि म्हाताऱ्याला थंडी वाजत होती.

माझं माहेर उंद्रीपासून पायी अर्ध्या तासावरच्या लहानशा गावात. विहिरीवरचा भाजीचा मळा. वांगी, मिरच्या, मेथी, सांबार, म्हणजे पुण्याकडच्या पुस्तकात जिला कोथिंबीर म्हणतात ती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात बाबा, माझा थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची लहान मुलगी. मी चिखलीला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते, नवराही मास्तरच. महाराष्ट्र राज्य नुकतं झालेलं होतं आणि शाळेच्या नकाशांवर जुन्या सीमांवर नव्या रेघा ओढायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून तो काळ माझ्या नीट लक्षात आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळ करून बाहेर आले आणि मी समोर उभी होते. डोक्यावर काही नव्हतं. डाव्या बाजूला, कपाळाच्या वर, तळहाताएवढा डाग होता. वांग्याच्या सालीचा रंग. मध्ये काळसर, कडेला तांबूस, आणि कड कुठे संपते ते धड कळत नव्हतं.

"बाबा, हे काय?"

"काई नाई वं माय." त्यांनी हातातला पंचा डोक्यावर ओढला.

चुलीपाशी बसलेली वहिनी न वळताच म्हणाली, "चौकट लागली. दारातून वाकून नाई येत ते."

चौकट ठेंगणी होती, हे खरं. पण दुपारी मळ्यात भावाला विचारलं, तर तो मोटेचा दोर सावरत म्हणाला, "थारोळ्यावर पाय घसरला होता. दगड लागला." थारोळं म्हणजे मोट जिथे रिकामी होते ती दगडी कुंडी.

एका डागाच्या दोन गोष्टी. मास्तरकीत इतकं तरी कळतं, की दोन मुली एकाच गोष्टीची वेगवेगळी कारणं सांगत असतील तर तिसरं कारण खरं असतं.

वहिनी लोणारकडची. उंच, धडधाकट, आवाज चढा. वाईट बाई म्हणून तिचं नाव नव्हतं, पण मऊ म्हणूनही नव्हतं. त्या दिवसापासून मी तिच्या हातांकडे बघायला लागले. बाबांच्या हातून तिनं पाण्याची बादली हिसकून घेतली, "बसा म्हटलं ना तिकडं!" असं ओरडली, आणि बाबा निमूट ओसरीवर जाऊन बसले. पूर्वी हे दृश्य मी पन्नास वेळा पाहिलं असेन. आता बाबांचं निमूटपण मला भिण्यासारखं दिसलं. त्यांना एकटं गाठून विचारलं, "कोणी हात उगारते का तुमच्यावर?" ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "तुले काय झालं?" त्यांनी 'नाही' म्हटलं नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.

आठवड्याचा न्हावी आला. अंगणातल्या लिंबाखाली त्यानं बाबांची दाढी केली, डोक्याला मात्र हात लावला नाही. तो निघाला तशी मी गल्लीच्या तोंडापर्यंत त्याच्यासोबत गेले.

"तुम्ही तो डाग पाहिलाय ना? कधीपासून आहे?"

"नागपंचमीपासून पाहून राह्यलो, बाई. तवा बोराएवढा होता."

"कशानं झाला?"

तो थांबला. धोपटी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "लोक म्हन्तेत मुका मार हाये. म्या हजार डोसकी पाह्यली. मार असा नसते. मार पिकते, बाई. आधी निळा, मंग हिरवा, मंग पिवळा, आन जाते. हा पिकूनच नाई राह्यला. वाढून राह्यला."

त्या दिवशी त्या माणसानं मला अख्खं निदान हातात ठेवलं होतं. पण मी काय विचार केला? सुगीला याच्या पदरात धान्य घालणारी वहिनीच. तिनं पढवलेलं हा बोलतोय. आणि नागपंचमीपासून आजवर डाग जात नाही, म्हणजे एकदाच नाही, पुन्हा पुन्हा लागतंय.

सुट्टी संपायला दोन दिवस होते. मी जाहीर केलं, की बाबांना चिखलीला नेते, डॉक्टरला दाखवते. मला वाटलं वहिनी आडवी येईल. ती म्हणाली, "न्या. म्या तं कवाच म्हणून राह्यली, हेच ऐकत नाईत." मला ते नाटक वाटलं. निघताना तिनं माझ्या हातात एक गाठोडं दिलं. जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या चिंध्या होत्या, हळदीची पुडी होती. "रोज फडकं बदला. घासू नका हं बाई, रगत येते."

एस.टी.त बसल्यावर तेच वाक्य माझ्या डोक्यात घोळत होतं. रगत येते हे हिला कसं माहीत?

चिखलीचे आमचे डॉक्टर वयस्क होते. जाड भिंगाचा चष्मा, हळू बोलणं. बाजारच्या दिवशी त्यांच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसे. त्यांनी बाबांचं डोकं उजेडाकडे वळवलं, बोटानं दाबलं, मानेच्या गाठी चाचपल्या. मग बाबांना बाहेर बाकावर बसायला सांगून मला विचारलं, "कुणाजवळ राहतात?"

"भावाजवळ."

"सून कशी आहे?"

मला तेवढंच हवं होतं. चौकट, थारोळं, बादली, सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. म्हणाले, "मी कुणावर आळ घेत नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर असं ताजं-शिळं रक्त साकळलेलं दिसलं, तर विचारावं लागतं." टेबलावरची कॉपिंग पेन्सिल त्यांनी जिभेला लावून ओली केली, बाबांना परत आत बोलावलं आणि डागाच्या कडेकडेनं जांभळी रेघ ओढली. "पंधरा दिवस तुमच्याकडेच ठेवा. मार असेल तर डाग या रेघेच्या आत आकसत जाईल."

घरी आल्यावर नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तू वहिनींना सरळ विचारलंस का?"

"विचारून कोणी कबूल होतं का?"

मी त्याच संध्याकाळी भावाला पत्र लिहिलं. पत्र कसलं, आरोपपत्र. बाबांच्या डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला आहे असं डॉक्टरांचं मत आहे, असं लिहिलं. त्यांचं मत तसं नव्हतं, फक्त शंका होती. 'घरातल्या माणसांनी आपल्या हातांना विचारावं,' असंही एक वाक्य होतं. ते वाक्य मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं. शेवटी लिहिलं, की बाबा आता तिकडे येणार नाहीत.

बाबा आमच्या दोन खोल्यांच्या घरात शांतपणे राहू लागले. सकाळी अंगणात ऊन खात बसत. भाजीवाली आली की तिची मेथी उलटीपालटी करून म्हणत, "बाई, पाणी जास्त मारलं तुमी." मी रोज शाळेतून आल्यावर त्यांचं डोकं उजेडात बघायची. पाच दिवस मला काही फरक दिसला नाही. आठव्या दिवशी कानाच्या बाजूला जांभळी रेघ दिसेना. डाग तिच्यावरून पुढे गेला होता.

मला वाटलं, अंघोळीत रेघ पुसली असेल. मी स्वतः नवी रेघ ओढली, वहीच्या समासासारखी ठसठशीत. चार दिवसांत डागानं तीही एका बोटानं ओलांडली.

आता माझ्या घरात त्यांना कोण मारणार? नवरा तर मुंगीही न मारता उचलून बाहेर सोडणारा माणूस. माझ्या संशयाला एव्हाना चालायची सवय लागली होती, तो थांबायला तयार नव्हता. मला वाटलं, बाबा स्वतःच डोकं आपटत असतील. आई गेल्यापासून मनानं खचलेले, लेकानं-सुनेनं टाकलेले. एखादा माणूस भिंतीवर डोकं आपटून घेतो, असं मी ऐकलं होतं.

म्हणून एके दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेतून घरी आले. पुढच्या दाराला न जाता बोळातून मागच्या खिडकीशी गेले आणि चोरासारखी फटीतून आत बघत उभी राहिले. बाबा भिंतीला टेकून बसले होते, पण मानेखाली उशी घेऊन, डोकं भिंतीला लागू नये अशा बेतानं. समोर सुपात माझी संध्याकाळची मेथी होती. एकेक काडी खुडत होते. मध्येच थांबून त्यांनी हात डोक्याकडे नेला, पण टेकवला नाही. डागाच्या वर हवेतच थोडा वेळ धरून ठेवला आणि परत खाली आणला. स्वतःच्या डोक्याला हात लावायला भिणारा माणूस ते भिंतीवर कशाला आपटेल?

मी बोळातून मागे वळले, तर शेजारीण तिच्या मागच्या दारात उभी. हातात धुण्याचा पिळा. ती किती वेळ मला बघत होती कोण जाणे.

"काऊन बाई, आपल्याच घरात डोकावून राह्यल्या?"

मी काहीतरी पुटपुटले.

"बाबाच्या डोसक्याले काय झालं हो? आले तवा एवढं नव्हतं." एवढं बोलून ती थांबली. माझ्या तोंडाकडे, मग माझ्या हातांकडे तिनं बघितलं. "सांभाळा बाई. म्हातारं मानूस हाये."

मी शाळेत परत गेले खरी, पण त्या दिवशी चौथीच्या वर्गाला काय शिकवलं ते मला आठवत नाही. माझ्या हातांकडे तसं आजवर कुणी बघितलं नव्हतं.

पंधरा दिवस पुरे व्हायच्या आतच मी बाबांना डॉक्टरांकडे नेलं. डागावर आता ज्वारीच्या दाण्याएवढ्या तीन-चार गाठी आल्या होत्या, आणि डाव्या पापणीवर सूज. डॉक्टरांनी दोन्ही रेघा बघितल्या. बोटानं त्यांच्यामधलं अंतर मोजलं.

"हा मार नाही," मग म्हणाले. "मी तुम्हाला त्या दिवशी चुकीचा प्रश्न विचारला. साकळलेलं रक्त रेघ ओलांडत नाही. हे आपल्या बळावर वाढतंय."

"काय आहे मग?"

"मी याला नाव देऊ शकत नाही. असं मी पाहिलेलं नाही. औरंगाबादला न्या, तुकडा काढून तपासतील." त्यांनी इंग्रजीत लांबलचक चिठ्ठी लिहिली आणि पाकीट बंद करण्याआधी पुन्हा एकदा वाचली.

मी रजा काढली. जालन्यावरून एस.टी.नं औरंगाबादला गेलो, नवरा, मी आणि बाबा. मोठं हॉस्पिटल, लांब ओसऱ्या, फिनेलचा वास. एका तरुण डॉक्टरनं सुईनं जागा बधिर करून डागाच्या कडेचा छोटा तुकडा काढला. आठ दिवसांनी या म्हणाला. आम्ही गेलो, तर त्याच्या हातात कागद होता आणि कपाळाला आठी.

"यात रक्ताशिवाय काही दिसत नाही," तो म्हणाला. मग बाबांना नाही, मलाच विचारलं, "हे कुणाजवळ राहतात?"

"माझ्याजवळ."

"घरी त्यांना कोणी मारतं का?"

मी खाली बघितलं. हाच प्रश्न मी बाबांना एकटं गाठून विचारला होता, आणि तो दुसऱ्याच्या तोंडून अंगावर आला की उत्तर देताना आवाज कसा खोटा होतो, ते मला तिथे कळलं. मी "नाही" म्हटलं. मलाच ते पटण्यासारखं वाटलं नाही.

तेव्हा बाबा बोलले. आयुष्यात मी त्यांचा आवाज इतका चढलेला ऐकला नव्हता. "डाक्तरसायेब, मले कोनी नाई मारलं! सत्तर वर्सांत माह्या बापाशिवाय मले कोनी हात नाई लावला. आन त्यानंही एकदाच, बैल सोडला म्हून!" ओसरीतले लोक वळून बघायला लागले. "माही सून रोज फडकं बदले. माही पोरगी रोज पाहते. जे हाये थे माह्याच डोसक्यात हाये. थे पाहा तुमी."

आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून मोठे डॉक्टर बाहेर आले. पांढऱ्या मिशा, बाही दुमडलेली. त्यांनी बाबांना स्टुलावर बसवलं, भिंग घेतलं, डागावर काचेची पट्टी दाबून धरून बघितलं. नुसता डागच नाही, त्याच्या पुढची चांगली दिसणारी कातडीही बघितली. चिखलीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. पेन्सिलीच्या रेघांबद्दल वाचून त्यांनी मान हलवली.

"या रेघा कुणी ओढल्या?"

"एक डॉक्टरांनी. दुसरी मी."

"चांगलं केलंत." मग तरुण डॉक्टरकडे वळून म्हणाले, "वरवरचा तुकडा घेतलास तर रक्तच मिळणार. खोल जा. तीन जागांहून घे. एक इथून, जिथे काहीच दिसत नाही."

तीन तुकडे घेतले. त्या तुकड्यांच्या तपासणीच्या काही काचा मुंबईलाही पाठवल्या असं कळलं. आम्ही चिखलीला परतलो, आणि मी टपालवाल्याची वाट बघू लागले. ते दिवस विचित्र होते. माझ्या मनात अजूनही एक कोपरा होता, ज्याला वाटे की उत्तर 'मार' असंच यावं. मार म्हणजे औषध होतं. मार म्हणजे वहिनी दोषी आणि बाबा बरे. हे मी कुणाला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

पत्र चिखलीच्या डॉक्टरांच्या नावे आलं. त्यांनी निरोप पाठवून आम्हा दोघांना बोलावलं.

"कॅन्सर आहे," ते म्हणाले. "कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा. फार क्वचित होतो. होतो तो बहुधा म्हाताऱ्या माणसांना, आणि डोक्यावर. दिसतो मुक्या मारासारखा, म्हणून सगळे फसतात. मी फसलो. दिसतो त्याच्याहून आत जास्त पसरलेला असतो. ज्या जागी काही दिसत नव्हतं, तिथल्या तुकड्यातही निघाला."

"कशानं झाला?"

"ते कुणाला सांगता येत नाही."

"वेळेवर आणलं असतं तर?"

त्यांनी चष्मा काढला. "नागपंचमीला आणलं असतं, तरी मी तेव्हाही मारच म्हटलं असतं, बाई."

मुंबईला नेऊन किरणांचा शेक देता येईल, पण इतक्या पसरलेल्या रोगात त्यानं थोडे दिवसच वाढतील, असं पत्रात होतं. बाबांना मी सगळं सांगितलं. लपवायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "हिवाळी वांगी निघेपावतो राहीन का?" मी म्हटलं, राहाल. "मंग मले घरी ने," ते म्हणाले.

पण त्याआधी मला एकटीनं जावं लागणार होतं. रविवारी सकाळच्या गाडीनं गेले. भाऊ बाजाराला गेला होता. वहिनी ओसरीवर मिरच्या निवडत होती. मला बघून ती उठली नाही. मी तिच्यासमोर खाली बसले आणि डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. ऐकताना तिचे हात थांबले. कॅन्सर हा शब्द तिनं ऐकलेला होता, गावात एकाला घशाचा झाला होता. तिनं डोळ्यांना पदर लावला, मिरचीचे हात होते हे विसरून, आणि मग डोळे चुरचुरायला लागले तशी रागानं उठून पाणी मारून आली.

"वहिनी, मी चिठ्ठीत लिहिलं ते..."

"तुमच्या भावानं मले थे वाचून नाई दाखवली," ती म्हणाली. "घडी करून खिशात घातली. म्हून मले समजलं काईतरी हाये. हे मळ्यात गेले तवा म्या खिशातून काढली आन गल्लीतल्या मास्तरकून वाचून घेतली. ओट्यावर. चार बाया होत्या तिथी."

सुपातली एक मिरची उचलून मी तिचं देठ खुडलं.

"तुम्ही दोघांनी वेगवेगळं का सांगितलं?" मी शेवटी विचारलं. "चौकट आणि थारोळं?"

"जो यिन थो विचारे, कशानं लागलं? मामाजी म्हन्त, कशानंच नाई. असं कोनाले पटते का? म्हून म्या चौकट सांगतली. ह्यायनं काय सांगतलं मले माहीत नाई." बाबांना, म्हणजे सासऱ्याला, ती मामाजी म्हणे. मग सुपातल्या मिरच्यांकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगू का बाई? मले ह्यायचाच संशय होता. पोळ्याच्या आधी विहिरीवर बापलेकांचं भांडण झालं होतं, मोटेऐवजी इंजिन घ्या म्हून. त्याच्यानंतर मले थो डाग दिसला. म्या ह्यायले कदी विचारलं नाई. पटका घालून ठेवे मामाजीले, लोकाईनं पाहू नये म्हून."

म्हणजे मी तिच्यावर, ती माझ्या भावावर, शेजारीण माझ्यावर. आणि भावाच्या मनात काय होतं, ते त्यानं कधी सांगितलं नाही. एक मात्र त्यानं नंतर कबूल केलं. थारोळ्याची गोष्ट त्यानं बनवली, कारण दगडाला कुणी जाब विचारत नाही.

बाबांना आम्ही घरी आणलं. वहिनीनं मागच्या खोलीत, जिथून मळा दिसतो तिथे त्यांची बाज टाकली. पौषात डाग फुटला. रक्त थांबायला वेळ लागे, वास येई. चिखलीचे डॉक्टर एकदा स्वतः येऊन पट्टी कशी करायची ते दाखवून गेले. उकळून गार केलेल्या पाण्यानं फडकं भिजवून, ते आपोआप सुटेपर्यंत वाट बघायची, ओढायचं नाही. वहिनीला ते आधीपासूनच येत होतं. मी दर रविवारी जात असे. एका रविवारी मी पट्टी सोडायला घेतली आणि घाई केली. बाबांनी दात आवळले. वहिनीनं मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि त्यांना म्हणाली, "मामाजी, मेथीचं सांगा बरं, यंदा किती वाफे टाकू?" ते वाफे मोजेपर्यंत फडकं सुटलं होतं.

वांगी निघाली. बाबांनी पहिल्या तोडणीचं एक हातात घेऊन, बोटानं साल दाबून बघितली. होळीनंतर त्यांना दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, रोग छातीत उतरला असावा. चैत्रात एका दुपारी, भाऊ आणि वहिनी दोघंही जवळ असताना, ते गेले. मी शाळेत होते.

तेराव्याला सगळे नातेवाईक जमले. मी ठरवूनच गेले होते. बाया जेवायच्या पंगतीला बसल्या होत्या त्या ओसरीवर मी डॉक्टरांकडून मराठीत लिहून आणलेला कागद उघडला आणि वाचला. रोगाचं नाव, तो कशासारखा दिसतो, आणि तो मारानं झालेला नाही हे स्पष्ट शब्दांत. माझी म्हातारी आत्या भिंतीशी बसली होती. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"बाई," ती म्हणाली, "कागद काय, लिवनाऱ्याचा असते. पह्यला कागद बी तं तुहाच होता."

वहिनी दारात वाढपाचं भांडं घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती आत्याच्या पत्रावळीपाशी आली, वाकली, आणि विचारलं, "आत्याबाई, भाजी?" आत्यानं हात आडवा केला नाही.

त्या गावात काही घरांतून ती गोष्ट कधीच गेली नाही. सासऱ्याच्या डोक्यात घालणारी सून, असं तिच्यामागे म्हणत. माझा भाऊ वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलला. मी जातच राहिले.

दोन वर्षांनी भाऊ-वहिनींची मुलगी पाचवीत गेली. गावातली शाळा चौथीपर्यंत होती. एका सकाळी वहिनी तिला घेऊन एस.टी.नं चिखलीला आली, मुलीची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन. चहा झाला. मुलीला मी मागची खोली दाखवली. निघताना वहिनी दारात थांबली, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "पोरीले काई लागलं-गिगलं ना बाई, तं म्या पह्यलं तुमालेच विचारीन." बोलताना हसली. त्यात गंमत किती होती, ते मला त्या दिवशी सांगता आलं नसतं. मुलगी माझ्याकडे सहा वर्षं राहिली. दर शनिवारी तिला न्हाऊ घालताना मी तिचं डोकं केस बाजूला करून करून बघायची. ती वैतागून ओरडायची, "आत्या, उवा नाहीत माझ्या डोक्यात!"